आमच्या बैठकीतला मेल सर्व्हर

मूठभर साबुदाणा भिजत घालावा आणि सकाळी बघावं तर पातेल्यावरचं झाकणच वर उचललेलं, तसं या किस्स्यांचं होतं. एक आठवला म्हणून सांगायला बसावं, तर त्याला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्याला चिकटून तिसरा. परवा हरतालिकेच्या पूजेला आमच्याकडे बायका जमल्या होत्या. एक जण म्हणाली, "तुमची बैठक किती मोकळी मोकळी वाटते वो आता!" मी "हो" म्हणाले आणि पुढे तासभर बोलतच बसले. पूजेची वाळू तशीच राहिली!

कारण ती बैठक आधी कधीच मोकळी नव्हती. गेल्या वर्षी वेगळ्या जागेत गेलं, तोवर तिथं ऑफिस होतं. अमरावतीतल्या शाळा, क्लास, दुकानं यांचे ई-मेल आमच्या बैठकीतून जायचे आणि बैठकीत यायचे. माणसं मोजून तीन. एक हे, म्हणजे माझे मिस्टर, मालक आणि सगळ्यात जास्त बोलणी खाणारे. दुसरी मेघा, वलगावहून रोज स्कूटीवर येणारी इंजिनिअर मुलगी. तिसरे इंगोले काका, मूळचे बार्शीटाकळीचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. घरी बसवत नाही म्हणून आमच्याकडे येऊन बसायचे. मी आत स्वयंपाकघरात. मधला पडदा तेवढा आमच्यात!

आणि खिडकीखाली, एका जुन्या पाटावर, तो काळा डबा. मेल सर्व्हर. दिवसरात्र घूंऽऽ करायचा. मी पोथी वाचायला बसले की त्याचा आवाज तंबोऱ्यासारखा मागे असायचा. आता पोथी वाचते तेव्हा फार शांत वाटतं.

*

सगळं सुरू झालं ते गावंडे सरांपासून.

सरांचा राजापेठेत मोठा क्लास. माणूस शिस्तीचा. मोबाइलच्या ग्रुपवर निकाल टाकणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "निकाल म्हणजे निकाल असते. रीतसर लेटरहेडवर, मेलनं गेला पायजे," असं म्हणायचे. प्रत्येक पालकाला "सप्रेम नमस्कार" घालून मेल जायचा, आणि तो जायचा आमच्या डब्यातून.

एकदा चैत्रात घटक चाचणीचे निकाल गेले. म्हणजे आम्हाला वाटलं, गेले! दुसऱ्या दिवशी एक पालक क्लासमध्ये येऊन उभे. "माह्या पोट्ट्याचा निकाल तुमी दाबून ठेवला!" सर म्हणाले, "पाठवला." पालक म्हणाले, "नाही भेटला." शेवटी सरांनी त्यांचाच फोन हातात घेऊन शोधलं. निकाल सापडला, पण स्पॅममध्ये!

सर तडक आमच्या बैठकीत. चप्पलसुद्धा न काढता.

"भाऊ, माहा निकाल कुठं पडला होता मालूम हाय का? एका बाजूले लॉटरी लागल्याचा मेल, अन् दुसऱ्या बाजूले वजन कमी करायच्या गोळ्या! मधात माहं सप्रेम नमस्कार!"

इंगोले काकांना हसू आवरेना. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका उठून नळावर पाणी प्यायला गेले.

जाताना सर म्हणाले, "गणपती बसेपर्यंत वेळ देतो. तोपर्यंत मेल नीट पोहोचले तं ठीक. नाही तं मी पुण्याच्या कंपनीकडे जातो."

ते गेल्यावर बैठकीत नुसता तो घूंऽऽ आवाज. सरांचं काम सगळ्यात मोठं होतं. ते गेलं की ऑफिस चालणार नव्हतं. यांच्या धाकट्या भावानं पुण्यात यांच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती, फक्त हो म्हणायचं बाकी होतं. मेघाला घरून जाऊन-येऊन करता येईल अशी दुसरी नोकरी अमरावतीत मिळत नव्हती. काकांना तर जायला दुसरी जागाच नव्हती. आणि मला अंबादेवीचं गाव सोडून कुठंच जायचं नव्हतं.

मी देवघरात गेले. हात जोडून म्हटलं, "बाप्पा, सगळ्यांचे मेल सुखरूप पोहोचेपर्यंत माझा चहा बंद." बाहेर येऊन बाकीच्यांसाठी चहा टाकला.

काका म्हणाले, "वहिनी, चूक मशीनची. चहा बंद करायचा तं मशीनचा करा ना, तुमचा कावून?"

*

मेल स्पॅममध्ये का जातात, हे मला मेघानं समजावून सांगितलं. ती शिकवायला बसली की मला माझीच शाळा आठवायची.

"काकू, दोन सर्व्हर बोलतात ना, तर आधी खरंच हेलो म्हणतात."

"चल, काहीतरीच!"

"खरंच! आपला सर्व्हर म्हणतो, हेलो, मी अमुक. समोरचा लगेच विश्वास नाही ठेवत. तो आपल्या इंटरनेट लाइनच्या नंबरावरून उलटं शोधते, का या पत्त्यावर पाटी कोणाची हाय. त्याले रिव्हर्स डीएनएस म्हणतात. तोंडानं सांगितलेलं नाव अन् पाटीवरचं नाव जुळलं, तं या बसा. नाही जुळलं, तं कचऱ्यात नाही तं सरळ परत."

"मग आपल्या पाटीवर काय आहे?"

"लाइन देणाऱ्या कंपनीचं नाव, अन् पुढं लांबलचक आकडे. आपलं नावच नाही."

मी पोळी लाटता लाटता थांबले. म्हटलं, अगं, हे तर माझ्याच बाबतीत झालंय!

माझं माहेर अकोल्याचं. माहेरी मी सुमन. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं सासरचं नाव लिहिलं, अनुराधा. त्या दिवसापासून अमरावतीत मला कुणी सुमन म्हटलं नाही. पहिल्या संक्रांतीला दादानं अकोल्याहून तिळाचे लाडू आणि साडी पार्सलनं पाठवली आणि सवयीनं वर नाव घातलं सुमनचं. पोस्टमन दारात आला. सासूबाई म्हणाल्या, "सुमन? अशी कोणी नाही बापा आमच्यात." मी आत चुलीपाशी भाकरी थापत होते!

पार्सल गेलं अकोल्याला परत. त्यावर शेरा, "या नावाची व्यक्ती येथे राहत नाही." दादाचं काळीजच हाललं. पहिली एस.टी. पकडून आला, दारातूनच ओरडला, "सुमन कुठं हाय?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अनुराधा हाय ना आत. सुमन कायले पायजे?"

हे ऐकून मेघा हसून हसून खुर्चीवरून घसरली. इंगोले काका मात्र गंभीर होते. म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुमी आमच्या सर्व्हरच्या आधीच बाऊन्स झाल्या!"

*

पाटी बदलायची तर ती आपल्या हातात नसते. नंबर ज्या कंपनीचा, पाटी तिनंच लावायची. म्हणून यांनी कंपनीला फोन लावला.

तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, मोडेम बंद करून चालू करा."

"बाई, मोडेम चांगला आहे. मला रिव्हर्स नाव लावून पाहिजे."

"ठीक आहे सर. मोडेम बंद करून चालू करा."

असं आठ दिवस चाललं. आमचा मोडेम इतक्या वेळा बंद-चालू झाला की शेवटी बटणच आत गेलं!

मग इंगोले काका उठले. "भाऊ, मी जातो. सारी नोकरी लाइनी जोडण्यात गेली माही. एक पाटी लावून आणता येत नाही काय?" दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथला साहेब म्हणाला, "काका, ऑनलाइन तक्रार करा." काका म्हणाले, "मी ऑफलाइन माणूस हाय. इथंच बसतो." दुपारी डबा उघडला, शेजारच्या टेबलावरच्या पोराला ठेचा दिला. तिसऱ्या दिवशी ठेच्याची चटक लागलेल्या त्या पोरानंच फॉर्म काढून दिला. काकांनी तिथंच बसून तो भरला आणि देऊन आले. काय रुबाबात परतले! येताना सगळ्यांसाठी गिला वडा.

चार दिवसांनी मेघानं तपासलं. स्क्रीनकडे बघतच राहिली. "काका... फॉर्ममध्ये नावाच्या जागी तुमी काय लिहिलं?"

"भाऊचं."

"पूर्ण?"

"मंग! वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. सरकारी फॉर्म अर्धवट भरत नाही मी."

"काका, मशीनचं नाव पाहिजे होतं!"

"मशीन कोणाची? भाऊची. घरावर पाटी मालकाचीच लागते, घरातल्या डब्याची नाही!"

आता माझी पंचाईत बघा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. हळदीकुंकवालासुद्धा बायका आग्रह करून थकतात. आणि आता जगातला कुठलाही सर्व्हर उठणार, "इथं कोण राहतं?" विचारणार, आणि त्याला यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सांगितलं जाणार! मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

पडद्याआडून यांचा आवाज आला. हळूच मेघाला सांगत होते, "घाई नाही. राहू दे की चार दिवस!"

*

शेवटी ठरलं की पाटीसाठी परत तेच खेटे घालण्यापेक्षा नवी लाइन घ्यायची, नवा पक्का नंबर घ्यायचा, आणि यावेळी नाव मशीनचंच लावायचं. पण नाव काय?

हे म्हणाले, "काहीही ठेवा. मेल-एक." मेघा म्हणाली, "सर, कैद्यासारखं वाटते ते." मी पडद्याआडून म्हटलं, "पूर्णा ठेवा." पूर्णा नदी माझ्या सासरच्या जिल्ह्यातूनही वाहते आणि माहेरच्याही. दोन्हीकडे तिचं नाव तेच राहतं. माझ्यासारखं बदलत नाही!

सगळ्यांना पटलं. मेघानं पाटीवर लिहावं तसं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं: मशीन हेलो म्हणताना पूर्णा, आपल्या नोंदीत पूर्णा, कंपनीच्या नोंदीत पूर्णा. तिन्हीकडे एकच. "यात एक जरी हुकलं तं मंग माहं तोंड पाहू नका," असा दमही दिला.

नाव ठेवायचं तर बारसं नको? मी घुगऱ्या केल्या. मेघाला आत्या केलं. ती आधी नाही नाही म्हणाली. त्यांच्या घरी असले सोहळे नसतात, ते मला ठाऊक होतं. म्हटलं, "देवाचं काही करू नको. फक्त कानात नाव सांग."

"काकू, कान कुठं हाय याले?"

काकांनी नीट बघून सांगितलं, "मागं पंखा हाय ना, तिथंच हवा आत जाते. तोच कान."

मेघा गुडघ्यावर बसली, पंख्याच्या जाळीपाशी तोंड नेलं आणि लाजत लाजत म्हणाली, "कुर्रऽऽ... पूर्णा!" काकांनी टाळ्या वाजवल्या. हे दारात कुणी बघत नाही ना ते बघत होते.

इथवर सगळं छान. घोटाळा केला तो मी.

बारसं ठेवलं होतं अक्षय्य तृतीयेला. मेघा म्हणाली होती, "काकू, कंपनी पाटी सोमवारी लावणार हाय. तोपर्यंत जुन्याच लाइनवर राहू देऊ." मी म्हटलं, "साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे गं. परत वर्षानं येईल!" मेघानं यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मुहूर्तावर पूर्णा नव्या लाइनवर गेली. पाटी नसलेल्या दारात जाऊन बसली!

तीन दिवस एकही मेल धड पोहोचला नाही. सरांच्या सुट्टीतल्या बॅचचं बदललेलं वेळापत्रक त्यातच होतं. मुलं सकाळी सातला जाऊन कुलपासमोर उभी, शिकवणारे संध्याकाळी पाचला येऊन रिकाम्या बाकांसमोर उभे. सरांचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर नव्हता, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "माही मुदत लक्षात हाय ना?"

मी तुळशीपाशी जाऊन डोळे पुसत होते. माझ्या हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर पाय आला असता. मेघा मागून आली. रागावेल असं वाटलं होतं. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काकू, मुहूर्त चांगलाच होता. फक्त कंपनीले आमंत्रण द्यायचं राहिलं!"

*

सोमवारी पाटी लागली. तिन्हीकडे पूर्णा. आणि तरी मेल स्पॅममध्ये!

मेघानं शोध घेतला. आमच्या आधी तो नंबर दुसऱ्याच कोणाकडे होता आणि त्यानं त्यावरून रात्रंदिवस फालतू मेल पाठवले होते. नंबराचं नाव खराब झालेलं. भाड्यानं घर घ्यावं आणि आधीच्या बिऱ्हाडकरूचे भांडणारे लोक आपल्या दाराशी यावेत, तसलं काहीतरी.

मी विचारलं, "वास्तुशांत करायची का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मेघा मात्र म्हणाली, "सर, काकू बरोबर सांगून राहिल्या. याले वास्तुशांतच लागते. काळ्या यादीतून नाव काढा म्हणून अर्ज करायचे, अन् मंग थोडे थोडे मेल पाठवायचे. आज पन्नास, परवा शंभर, असं वाढवत न्यायचं. एकदम हजार पाठवले का परत संशय! अन् पहिले मेल अशाईलेच पाठवायचे, जे नक्की उघडतील, वाचतील, उत्तर देतील."

"असे कोण असतात?" यांनी विचारलं. "पालक तर उत्तर देत नाहीत."

मी म्हटलं, "आमचं भजनी मंडळ."

आणि थोडे थोडे वाढवत नेणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी बेलपत्रांची लाखोली वाहिलेली आहे. रोज मोजून, एक दिवस न चुकता. लाखोली एका दिवसात होत नसते! मेघानं तक्ता करून दिला, तो मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उतरवून घेतला. चतुर्थीला किती, एकादशीला किती. हे अधूनमधून उतावीळ व्हायचे, "आज दुप्पट सोडू." मी म्हणायचे, "व्रतात घाई चालत नाही." आणि चक्क ऐकायचे!

मंडळातल्या बायकांना मी घरोघरी जाऊन सांगितलं. मेल येईल. स्पॅममध्ये असेल तर बाहेर काढायचा, "हा स्पॅम नाही" असं दाबायचं, आणि उत्तर द्यायचं. काहींची मेलची खाती मुलांनी उघडून दिली होती, वर्षानुवर्षं कुणी बघितली नव्हती. पण उत्तरं काय आली! माझ्या मेलमध्ये एवढंच होतं, "नमस्कार. हा मेल मिळाला का?"

एकीनं लिहिलं, "मिळाला. पण माझी स्टीलची वाटी अजून मिळाली नाही."

दुसरीनं वांग्याच्या भाजीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, कधी घालायचा ते सविस्तर लिहिलं. तिसरीनं विचारलं, "तू रागावलीस का? समोरासमोर राहतो, पत्र कशाला?"

चौथी मंडळाबाहेरची, अकोल्याची माझी वहिनी. तिनं तर पूर्ण आरतीच टाइप करून पाठवली. मेघा आनंदानं ओरडली, "काकू, इतकं मोठं उत्तर! आपल्या पूर्णेची इज्जत वाढून राहिली!"

त्या महिनाभरात बोलले तितकं मी आधी कधीच कोणाशी लिहून बोलले नव्हते. अजूनही त्यातल्या दोघी मला मेल करतात. वाटी परत दिली, तरी!

*

श्रावणातल्या एका सोमवारी मेघानं पूर्णेची परीक्षा घेतली. इंटरनेटवर एक ठिकाण असतं म्हणे, तिथं एक मेल पाठवायचा आणि ते दहापैकी गुण देतं. पाटी नीट आहे का, नाव जुळतं का, काळ्या यादीत आहे का, सगळं बघून.

मेल गेला. आम्ही चौघं स्क्रीनसमोर. माझ्या हातात जपमाळ. मेघानं पाण्याचा घोट घेतला आणि बटण दाबलं.

दहापैकी दहा!

हे खुर्चीतून उठले आणि परत बसले. काका म्हणाले, "पोरगी बोर्डात आली!" मी पूर्णेसमोर साखर ठेवली. मेघा घाबरली, "काकू, मुंग्या आत जातील!" म्हणून ती साखर आम्हीच वाटून खाल्ली.

त्या दिवशी मी चैत्रानंतरचा पहिला चहा प्यायले. माझा उपास होता, म्हणून खिचडीही होती. मेघा कधी उपास धरत नसे. तिला म्हटलं, "तुला पोळी-भाजी वाढू का?" ती म्हणाली, "नाही काकू. उपास तुमचा, दहापैकी दहा माहे. खिचडी अर्धी अर्धी!" पडदा बाजूला सारून आम्ही सगळे बैठकीतच जेवलो. खिडकीतून पाऊस दिसत होता. तसं जेवण पुढे पंगतीत बसूनही कधी झालं नाही.

*

पण गावंडे सरांकडून काही निरोप नव्हता.

दहापैकी दहा मिळाल्याचं यांनी सरांना फोनवर सांगितलं होतं. सर नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांच्या क्लासचे मेल आमच्याकडून जायचेच बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. यांनी फोन केला तर उचलेनात. गणपती बसायला चार दिवस राहिले होते. यांनी पुण्याला भावाला फोन लावून "जागा अजून आहे का?" विचारलं, ते मी ऐकलं. मेघानं तिच्या टेबलाचा खण आवरायला घेतला. काका पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

तेवढ्यात सर दारात! हातात एक छापलेला कागद, चेहरा लालबुंद.

"भाऊ, ही काय पद्धत हाय?"

हे उभे राहिले. "काय झालं सर?"

"मी काम बंद करतो म्हणून तुमाले रीतसर कळवलं. सप्रेम नमस्कार घालून! तं तुमच्या मशीननं काय उत्तर द्यावं? नाकारलं! हे पाहा, चक्क लिहून आलं. एकदा नाही, तीनदा पाठवलं. तिन्ही वेळा नाकारलं! म्हणजे मी सोडून जातो म्हटलं तं तुमी जाऊ पण देत नाही? जबरदस्ती हाय काय?"

मी पडद्याच्या या बाजूला श्वास धरून उभी. मेघानं पुढे होऊन कागद घेतला. वाचला. परत वाचला. तिनं खालचा ओठ दाताखाली धरला.

"सर, हे तुमी कुठून पाठवलं? पुण्याच्या कंपनीच्या सर्व्हरवरून काय?"

"मंग! वेळापत्रकाचा घोटाळा झाला तवाच तिकडं बोलून ठेवलं होतं. आठ दिवस झाले, सारं तिकडं नेलं. मोठी कंपनी हाय. काचेचं ऑफिस हाय."

"पालकांचे मेलही तिकडूनच जातात?"

"आज सकाळीच निकाल पाठवले. साऱ्याईले."

"पोहोचले?"

सरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी काढून बघितला आणि कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट.

काका पेपरच्या मागून म्हणाले, "उचला ना सर. पालक असतील."

सर खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच त्यांनी चप्पल काढली, बसल्या बसल्या, पायानंच. फोन तिसऱ्यांदा वाजला, तो वाजत राहू दिला. मेघाला म्हणाले, "पोरी, खरं सांग. या मशीननं मले नाही कावून म्हटलं?"

"सर, तिनं तुमाले नाही म्हटलं नाही. ती कोणालेच ओळखत नाही. पुण्याच्या त्या दारावर पाटी हाय काय, एवढंच तिनं पाहिलं."

"अन्?"

"नाही ना."

सरांनी कागद तिच्या हातातून परत घेतला. त्याची घडी घातली. घडीची आणखी एक घडी घातली. वरच्या खिशात ठेवला. मग यांच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत म्हणाले, "भाऊ, ते पत्र... समजा का मी पाठवलंच नाही."

हे तोंड उघडणार, एवढ्यात इंगोले काकांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि अगदी साध्या चेहऱ्यानं विचारलं,

"कोणतं पत्र सर? आमाले तं काही भेटलंच नाही!"